वाचकांचे प्रश्न : गच्चीवरच्या सौर यंत्रणेची तपासणी

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली, 3 किलोवॉटच्या घरगुती यंत्रणेला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि तेव्हापासून सौर पॅनेलविषयी येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढला आहे. पूर्वीची पत्रे ‘बसवावी का’ असे विचारत. आताची बहुतेक पत्रे ‘बसवली, पण काहीतरी बिनसले आहे’ असे सांगतात. पंखा बंद पडला तर लगेच कळतो, नळ गळू लागला तर आवाज येतो. सौर यंत्रणा मात्र निम्मी बंद पडली तरी घरातले दिवे लागतच राहतात, कारण उरलेली वीज महावितरणच्या तारेतून येते आणि बिघाड उमगतो तो दोन-तीन बिले हाती पडल्यावर. म्हणून प्रत्येक घरी एक साधी वही असावी आणि इन्व्हर्टरवरचा (पॅनेलची वीज घरच्या वापरालायक करणाऱ्या यंत्रावरचा) दिवसभराचा आकडा रोज सूर्यास्तानंतर तीत उतरवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खालच्या उत्तरांत या वहीचा उल्लेख वारंवार येईल.

प्रश्न : आमच्या बंगल्यावर गेल्या मे महिन्यात 540 वॉटची सहा पॅनेल बसवली. दिवाळीच्या सुमारास स्वच्छ उन्हाच्या दिवशी 13 युनिट मिळत होते, आता डिसेंबरात आठच्या वर जात नाहीत. समोरच्यांकडे मात्र रोज 20 युनिट होतात. बसवणारे म्हणतात, थंडीत असे होतेच. पॅनेल खराब निघाली असतील का? (एक वाचक भगिनी, सहकारनगर)

उत्तर : समोरच्या घराशी तुलना करण्याआधी दोन्ही आकड्यांना आपापल्या किलोवॉटने भागावे. त्यांची यंत्रणा 5 किलोवॉटची असेल, तर त्यांना किलोवॉटमागे 4 युनिट मिळतात, आणि पुण्यात वर्षाची सरासरी साधारण तेवढीच धरतात. आपली यंत्रणा 3.24 किलोवॉटची आहे, म्हणजे आपल्याला किलोवॉटमागे अडीच युनिटच मिळत आहेत. आपली शंका रास्त आहे, आणि ‘थंडीत असे होतेच’ हे उत्तर मला मान्य नाही. डिसेंबरात दिवस लहान असला तरी आकाश निरभ्र असते, हवा थंड असते आणि दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलवर ऊन चांगले पडते. तेव्हा एवढी घट ऋतूमुळे होत नाही.

मला संशय आहे तो सावलीचा, आणि त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. यंत्रणा मे महिन्यात बसवली. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्या वेळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली तिच्या पायाशीच राहते. जागा पाहायला आलेल्या माणसाला ती दिसतच नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून 48 अंशांवरच चढतो. पॅनेलच्या पातळीपासून तीन मीटर उंच असलेल्या टाकीची सावली तेव्हा दुपारीच उत्तरेकडे पावणेतीन मीटर पसरते, आणि साडेतीन वाजता ती पाच मीटरच्या पुढे जाऊन ईशान्येकडे तिरकी पडते. टाकी पॅनेलच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असेल, तर हाच प्रकार असण्याची शक्यता मोठी आहे.

थोडी सावली एवढे युनिट कशी खाईल, असे आपल्याला वाटेल. पॅनेलमधील सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्या एकेका गटावर एक, असे सामान्यतः तीन बायपास डायोड असतात. एखाद्या गटातील दोन-चार सेलवर जरी गडद सावली पडली, तरी तो सगळा गट वीज देईनासा होतो आणि डायोड त्याला वळसा घालून प्रवाह पुढे नेतो. त्यामुळे हातभर सावलीचे नुकसान पॅनेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे होऊ शकते. डिश अँटेनाची किंवा कठड्यावर वाळत घातलेल्या सतरंजीची सावलीही यातून सुटत नाही.

खात्री करून घेणे सोपे आहे. एखाद्या निरभ्र दिवशी इन्व्हर्टरवरचा त्या क्षणाचा किलोवॉटचा आकडा सकाळी दहा, दुपारी साडेबारा आणि साडेतीन वाजता लिहून घ्यावा. पुण्यात सूर्य मध्यावर येतो तो घड्याळातल्या साडेबाराच्या पुढेमागे, म्हणून ही वेळ सांगितली. साडेबाराला अडीच किलोवॉटच्या आसपास आकडा दिसला, दहाला नीट दिसला आणि साडेतीनला एकदम कोसळला, तर सावली हेच कारण आहे. त्याच वेळी गच्चीवर जाऊन ती डोळ्यांनी पाहावी आणि फोटो काढून ठेवावा. तिन्ही वेळी आकडा सारख्याच प्रमाणात कमी असेल, तर धूळ, कबुतरांची घाण किंवा एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीतून एखादे सुटणे, अशी कारणे शोधावी लागतात. सावलीच निघाली, तर टाकीजवळची दोन पॅनेल गच्चीच्या दुसऱ्या भागात हलवणे हा माझ्या मते सर्वांत सरळ उपाय आहे. आपण अनुदान घेतले असेल, तर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्यांवर आहे, तेव्हा फोटो आणि वहीतले आकडे जोडून त्यांना लेखी कळवावे.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो आणि ‘आयसोलेशन फॉल्ट’ असे दिसते. अकराच्या सुमारास आपोआप सगळे सुरळीत होते. मग दुर्लक्ष केले तर चालेल का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : दुर्लक्ष मुळीच करू नये. या स्तंभातली ही सर्वांत गंभीर तक्रार आहे. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्यापूर्वी पॅनेलकडून येणाऱ्या तारा आणि जमीन यांच्यामधला विद्युतरोध तपासतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेखाली आढळला की सुरू व्हायचे नाकारतो. कोठेतरी तारेचे आवरण फाटले आहे किंवा जोडात पाणी शिरले आहे आणि ओल्या वाटेने वीज पॅनेलच्या चौकटीकडे, सांगाड्याकडे झिरपते आहे, असा त्याचा अर्थ होतो. ऊन पडून ओल वाळली की रोध वाढतो आणि दिवा हिरवा होतो. दोष मात्र जागेवरच राहतो.

आपल्याच भागातल्या एका घरी अशी तक्रार पाहायला मी गेलो होतो. पॅनेलखालच्या तारा सांगाड्याला न बांधता स्लॅबवर तशाच सोडलेल्या होत्या, आणि दोन वेगवेगळ्या बनावटींचे कनेक्टर एकमेकांत दाबून बसवलेले होते. सर्व बंद करून मापून पाहिल्यावर तो जोड उघडला, तेव्हा आतून पाण्याचे थेंब ओघळले. पिनेवर हिरवट थर चढला होता आणि कनेक्टरच्या मागची फिरकी दोन आटे सैल होती. एकाच बनावटीची नवी जोडी योग्य अवजाराने दाबून बसवली, तारा वर बांधून घेतल्या आणि पुढच्या पावसात लाल दिवा लागला नाही. इतर ठिकाणी उंदरांनी किंवा खारींनी कुरतडलेली तारही सापडते.

हे काम आपण स्वतः करू नये, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे. सहा पॅनेलच्या साखळीत अडीचशे ते तीनशे व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब असतो, आणि घरातला मुख्य स्विच बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलमध्ये वीज तयार होतच असते. चालू प्रवाहात कनेक्टर ओढून काढला, तर तेथे ठिणगी न विझता पेटत राहू शकते. जाणकार माणूस आधी एसी बाजू (इन्व्हर्टरपासून घराकडची) बंद करतो, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करतो, इन्व्हर्टरवर लिहिलेली मिनिटे थांबतो आणि मगच मेगर (तारेच्या आवरणाचा विद्युतरोध मोजणारे उपकरण) लावतो. त्याला दुपारी बोलावून उपयोग नाही, कारण तोवर दोष वाळून गेलेला असतो. साडेसातला, लाल दिवा लागलेला असतानाच यायला सांगावे. आणि कोणी चौकटीची अर्थिंगची तार काढून दिवा घालवून दाखवला, तर त्याला थांबवावे. तसे केल्याने इशारा बंद होतो आणि हात लागेल त्या लोखंडात वीज येण्याचा धोका मात्र तसाच राहतो.

प्रश्न : रविवारी दुपारी आमचा 5 किलोवॉटचा इन्व्हर्टर दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असे लिहून येते. आमच्या गल्लीत आता सात घरांवर पॅनेल आहेत. (एक वाचक, धायरी)

उत्तर : इन्व्हर्टर बिघडलेला नाही, तो नियमाप्रमाणे वागतो आहे. लाइनचा दाब 230 व्होल्टच्या 10 टक्के वर, म्हणजे 253 व्होल्टच्या पुढे गेला, की त्याने दोन सेकंदांत बाजूला व्हावे अशी तरतूद आहे. लाइनमध्ये वीज ढकलण्यासाठी इन्व्हर्टरला आपला दाब लाइनपेक्षा किंचित वर ठेवावा लागतो. गल्लीतली सात घरे एकाच वेळी वीज ढकलत असतील आणि सुट्टीच्या दुपारी वापर कमी असेल, तर दाब चढतो.

प्रश्न एवढाच उरतो की चढ घरात आहे की रस्त्यावर. भरउन्हात इन्व्हर्टरच्या टोकांवर आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजून घ्यावे. सिंगल फेजवर 5 किलोवॉट म्हणजे सुमारे 22 अँपिअर प्रवाह. गच्चीपासून मीटरपर्यंत 30 मीटर तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची केबल टाकलेली असेल, तर केवळ तीत सहा व्होल्टचा फरक पडतो. 10 चौरस मिलिमीटरची असेल तर तो अडीच-तीनवर येतो. म्हणजे बारीक केबल बदलल्यानेच कित्येकदा काम भागते. न्यूट्रलचा सैल जोडही तपासावा. मीटरपाशीच दाब 250 च्या वर असेल, तर वेळ आणि आकडे लिहून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे दाब कमी-जास्त करणारी जोडणी, बदलण्याची विनंती करावी. मर्यादेचा आकडा इन्व्हर्टरमध्ये वाढवून देतो म्हणणाऱ्याचे ऐकू नये. वाढलेला दाब मग आपल्या फ्रिजला आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीला सोसावा लागतो.

प्रश्न : इन्व्हर्टर महिन्याला 372 युनिट दाखवतो, बिलात मात्र 248 च धरले आहेत. बाकीचे कुठे गेले? (एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड)

उत्तर : बाकीचे 124 युनिट आपण घरीच वापरले. दिवसा फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप यांना लागणारी वीज नेट मीटरपर्यंत पोहोचतच नाही. मीटर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज मोजतो. रात्री आपण समजा 190 युनिट घेतले असतील, तर 248 मधून ते वजा होऊन 58 युनिट पुढच्या महिन्यात जमा दिसायला हवेत, तेवढे पाहावे. शिल्लक युनिटांचा हिशेब मार्चअखेर होतो. आपल्या महिन्याच्या तारखा आणि बिलातल्या रीडिंगच्या तारखा एकच आहेत ना, हेही ताडून घ्यावे. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावा लागतोच.

प्रश्न : मे महिन्यात ऊन मार्चपेक्षा कडक असूनही युनिट कमी का? (एक विद्यार्थी वाचक, औंध)

उत्तर : पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे 0.35 टक्के घट होते. पॅनेल 65 अंशांपर्यंत तापले, तर 14 टक्के वीज कमी होते. हा दोष नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने धुतल्यावर पॅनेलवर पांढरे डाग राहतात. ॲसिड वापरावे का? (एक गृहिणी, वाघोली)

उत्तर : ॲसिड, कपडे धुण्याची पावडर किंवा तारेची घासणी, काहीही वापरू नये, काचेवरचा लेप एकदा गेला की परत येत नाही. ते डाग क्षारांचे आहेत. आपल्या भागात खाणींची धूळ असल्याने पंधरा दिवसांनी धुणे योग्यच आहे, पण ते उजाडताना, काच थंड असताना करावे, शेवटचे पाणी शक्यतो पालिकेचे किंवा साठवलेले पावसाचे घ्यावे आणि मऊ रबरी वायपरने ते लगेच निथळून काढावे.

प्रश्न : दरवर्षी तपासणीला येणारा माणूस पॅनेलवर पाणी मारून पैसे घेऊन जातो. खरी तपासणी कशी असते? (एक वाचक दांपत्य, बिबवेवाडी)

उत्तर : धुणे म्हणजे तपासणी नाही. तपासणीत आकडे मोजले जातात. माणसाने इन्व्हर्टर बंद करून साखळीचा डीसी दाब मोजावा. 540 वॉटच्या एका पॅनेलचे ऊन-थंडीप्रमाणे 45 ते 50 व्होल्ट धरले, तर सहांची बेरीज 270 ते 300 व्हायला हवी. बेरीज गेल्या वेळेपेक्षा पंधरा-सोळा व्होल्टनी कमी आली, तर एखादा बायपास डायोड गेला असण्याची शक्यता असते. पंचेचाळीसच्या आसपास कमी आली, तर एक अख्खे पॅनेल हिशेबात नाही. त्यानंतर मेगरने तारांचा रोध आणि मग अर्थिंगचा रोध घ्यावा. वीजरोधकाची (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लायटनिंग अरेस्टरची) अर्थिंग पॅनेलच्या अर्थिंगपासून वेगळी आहे, याची खात्री करावी.

डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी आपण दोघे जिन्यावरून उतरता-उतरता पाहू शकता. डीसी पेटीतल्या सर्ज प्रोटेक्टरच्या छोट्या खिडकीत हिरवा रंग दिसला पाहिजे. लाल दिसला तर विजेचा एखादा धक्का त्याने सोसला आहे आणि तो बदलायला हवा. एमसीबीच्या टोकाशी तारेचे आवरण तपकिरी पडले असेल, तर तेथे जोड तापतो आहे. सांगाड्याच्या प्रत्येक नटावर, तो आवळल्यावर, नट आणि पट्टी या दोहोंवरून जाणारी ऑइलपेंटची एक रेघ मारून घ्यावी. पुढच्या वेळी ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे पाना न लावताही कळते. पुण्यात वळवाच्या पावसाआधी वावटळी उठतात, म्हणून हे काम एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकावे आणि पाऊस ओसरल्यावर, दिवाळीपूर्वी, एकदा पुन्हा करावे. मोजलेला प्रत्येक आकडा त्या माणसाने तारखेसह आपल्या वहीत स्वतःच्या हाताने लिहावा, आणि तो गेल्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.