पुराच्या पाण्यात गेलेली बोअर

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ बंद पडले. म्हणून अपार्टमेंटची जुनी सहा इंची बोअर राखून ठेवलीय. केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) जमिनीलगतच आहे. अडचणीला चालेल का? – एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : अशी बोअर पुरात हमखास नासते. पाणी केसिंगच्या तोंडातून तर शिरतंच, शिवाय केसिंगच्या बाहेरच्या फटीतूनही उतरतं. तोंडाला पिशवी बांधून ती फट बुजत नाही. आपला काळा दगड पाणी गाळत नाही. भेगांतून मैला थेट खाली जातो.

पावसाळ्याआधी केसिंग वेल्ड करून २०२१ च्या पूररेषेच्या वर न्या. ते जमणार नसेल तर रबरी गॅस्केटचं, बोल्टने आवळायचं झाकण बसवा. केसिंगभोवती जमेल तितकं खोल उकरून सिमेंटची स्लरी भरा आणि वर बाहेर उताराचा मीटरभर कट्टा करा. स्टार्टर पहिल्या मजल्यावर हलवा.

तरीही पाणी शिरलंच, तर वायरिंग तपासून घेऊन नितळ येईपर्यंत उपसा करा. गढुळात क्लोरीन वाया जातं. सहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण १८ लिटर पाणी असतं. म्हणजे ६० मीटर पाण्याला ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे १६५ ग्रॅम लागते. पोतं उघडून ठेवलेलं असेल तर जोर उतरलेला असतो, जास्त घ्या. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच बोअरमध्ये ओता; गाळाने पंप जाम होतो. पाइपने पाणी पुन्हा बोअरमध्येच फिरवा. क्लोरीनचा वास आला की बारा तास थांबा, मग सगळं उपसून टाका. वास पूर्ण गेल्यावरच एच-टू-एस बाटलीत (मैल्याचे जंतू ओळखायची बाटली) नमुना घ्या, नाहीतर क्लोरीनमुळे निकाल खोटा चांगला येतो. बाटली काळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतरही टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर घाला, अर्धा तास थांबून ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का, ते दाखवणारी चाचणी) पिवळा रंग येतो का बघा.

प्रश्न : बोअरची लाइन नळाच्या लाइनला जोडून मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकला तर? – एक वाचिका, दुधाळी

उत्तर : नको. वाळूचा कण अडकला की एनआरव्ही पूर्ण मिटत नाही, आणि पंपाच्या दाबाने बोअरचं पाणी गल्लीच्या मुख्य वाहिनीत जातं. दोन्ही लाइनी टाकीत वेगवेगळ्या सोडा. तोंडं ओव्हरफ्लोच्या वर, पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा.