कॅलिफोर्नियात डोंगरात घर घेतोय. वणव्याचा इशारा फोनवर वेळेत येतो का? कोणतं अॅप ठेवावं?

येतो. पण कुठल्या फोनवर, ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि सगळं तिथेच अडतं.

तुम्ही लिहिलंय की सांताक्रूझच्या डोंगरात घर बघताय, वडील अधूनमधून राहायला येतील, आणि मोबाइलवर अलर्ट येत असेल तर लॅण्डलाइनचा खर्च कशाला करायचा. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. माझे धाकटे दीर हेच वाक्य मला दहा वर्षं ऐकवत आलेत.

आम्ही २००९ पासून सांताक्रूझच्याच डोंगरातल्या बोल्डर क्रीक गावाच्या वरच्या अंगाला राहतो. रेडवूडची गर्द झाडी, एका गाडीपुरता रस्ता, घरात मोबाइलला रेंज शून्य. मोबाइल वायफायवर चालतो. म्हणजे वीज गेली की राउटर गेला आणि राउटर गेला की मोबाइल मुका. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनचं तसं नाही. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेतून येते. घरात मिट्ट काळोख असला तरी तो वाजतो. भाऊजी फ्रीमॉन्टला असतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दर दिवाळीला आले की भिंतीवरच्या फोनकडे बघून म्हणायचे, "वहिनी, काढून टाका हो हे, महिन्याला फुकट पैसे." मी काढला नाही.

१६ ऑगस्ट २०२०च्या पहाटे पाऊस न पडता विजा कडाडल्या आणि डोंगरात जागोजाग आगी लागल्या. पुढे त्या एकमेकींत मिसळल्या, तीच सीझेडयूची आग (सीझेडयू हे इथल्या अग्निशमन विभागाचं नाव). १८ तारखेला संध्याकाळपासून अंगणात राख पडायला लागली. हे रात्रपाळीला सॅन होजेला गेलेले. घरात मी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नऊच्या सुमारास वीज गेली.

सासूबाई संगमेश्वर तालुक्यातल्या. दर शिमग्याच्या आगेमागे डोंगराला वणवा लागलेला बघत वाढलेल्या, काजूच्या बागेभोवती जाळरेषा काढलेल्या, ओल्या डहाळ्यांनी आग झोडपलेल्या. त्या ओटीवर उभ्या राहिल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "हा गवताचा वास नव्हे. मोठं लाकूड पेटलंय. सकाळी असा वास नव्हता. चल." बस, एवढंच. आजही मला त्यांचा तो स्वर आठवतो.

मी निघाले नाही. लॅण्डलाइनवरून भाऊजींना फोन लावला. त्यांनी तिकडे नकाशा उघडला. म्हणाले, आग अजून बिग बेसिन उद्यानाच्या पलीकडे आहे, तुमचा भाग यादीत नाही, म्हाताऱ्या बाईला घेऊन रात्रीच्या अंधारात त्या रस्त्याला लागू नका, घर सोडायची ऑर्डर आली की मी सांगतो. आईशीही बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "तू तिथे आहेस, मी इथे आहे." तरी मी थांबले. पाऊण तास थांबले.

नकाशाबद्दल आज जे मला माहीत आहे ते त्या रात्री माहीत नव्हतं. ती लाल रेघ म्हणजे शेवटची मोजणी झाली तेव्हा आग जिथे होती ती जागा. बारकाईने बघणारा उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो, आणि दाट धुरात विमानांनाही उडणं अवघड होतं. नकाशावर आपलं घर बाहेर दिसतंय याचा अर्थ मघाशी बाहेर होतं, इतकाच.

पावणेअकराला फोन वाजला. भिंतीवरचा. काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाचा, रेकॉर्ड केलेला निरोप: ताबडतोब निघा. पाच मिनिटांत गाडीत बसलो. खालच्या वळणावर एक वयस्क जोडपं राहायचं. त्यांनी वर्षभरापूर्वी तांब्याची तार सोडून इंटरनेटवरचा फोन घेतला होता. त्यांच्या दारात मी हॉर्न दाबून धरला, दार बडवलं. दोघं गाढ झोपेत. त्यांच्याकडे एकही निरोप पोचला नव्हता, ना त्या फोनवर, ना मोबाइलवर. दोघांना उठवून, गाडीत बसलेले बघूनच पुढे निघाले.

त्याच्या पुढच्या फाट्यावर एकटा राहणारा एक सुतार होता. त्याचं घर आत होतं, पाव मैल. त्या बाजूला आभाळ लाल दिसत होतं, गाडीत मुलगा होता. मी वळले नाही. रात्री उशिरा शेरीफच्या, म्हणजे काउंटी पोलिसांच्या, माणसाने दार ठोठावून त्याला बाहेर काढलं. तो वाचला, त्याचं घर गेलं, त्या जोडप्याचंही गेलं. आमचं राहिलं. सांताक्रूझ काउंटीत ९११ घरं गेली त्या आगीत. पण भाऊजींच्या शब्दावर घालवलेला तो पाऊण तास हातात असता तर मी त्या फाट्यावर नक्की वळले असते, हे मी कोणापुढेही सांगेन.

हायवे ९ उतरून सांताक्रूझच्या जवळ पोचलो तेव्हा मोबाइलला रेंज आली आणि अलर्ट एकामागून एक तीन वाजले. कधीचे सुटलेले असतील कोण जाणे. पुढच्या आठवड्यात भाऊजींनी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की यंत्रणा नीट चालली, वहिनींनी काउंटीकडे नंबर रजिस्टर केले नसतील. तर भाऊजी, तुम्ही वाचत असाल म्हणून लिहिते: दोन्ही मोबाइल २०१९ मध्येच रजिस्टर केले होते. यंत्रणेने निरोप पाठवलाही असेल, पण जिथे टॉवरच पोचत नाही तिथे तो पोचणार कसा?

आणि पाठवणारा माणूसच असतो. २०१७ मध्ये उत्तरेकडच्या सोनोमा काउंटीत आग आली तेव्हा परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम वाजणारा इशारा काउंटीने पाठवलाच नाही, लोक घाबरून रस्ते तुंबवतील या भीतीने. २०१८ मध्ये पॅराडाइझ गावाच्या वणव्यात ८५ माणसं गेली. तिथेही हा इशारा वापरला नव्हता. ज्या फोन-निरोपांवर भिस्त होती त्यात मोबाइलवाल्यांनी आधी नाव नोंदवावं लागायचं, आणि कितीतरी जणांनी नोंदवलंच नव्हतं.

आता तुमचा अॅपचा प्रश्न. वॉच ड्यूटी ठेवा. २०२१ मध्ये सोनोमातून सुरू झालं, विनानफा चालतं, अग्निशमन दलाचा वायरलेस ऐकणारी माणसं त्यावर नोंदी टाकतात, सरकारी नकाशापेक्षा लवकर कळतं. काउंटीकडे सगळे नंबर नोंदवा, वडिलांचा भारतातला नंबर नाही, इथलं सिम घेऊन तो. २०२३ मध्ये भारतात कितीतरी जणांच्या मोबाइलवर एकदम भोंग्यासारखा चाचणीचा मेसेज वाजला होता, आठवत असेल. इथला सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम वाजणारा इशारा त्याच जातीचा, टॉवरवरून येतो, त्याला नोंदणी लागत नाही. टॉवर मात्र लागतो. तुमच्या घराचा झोन नंबर, म्हणजे काउंटीने आखलेल्या भागाचा क्रमांक, फ्रिजवर लिहून चिकटवा, कारण निरोपात बहुधा झोन सांगतात. आणि 'वॉर्निंग', म्हणजे निघायच्या तयारीचा इशारा, आली की निघायचं. 'ऑर्डर'ची, म्हणजे ताबडतोब निघा या हुकमाची, वाट बघायची नाही. वडील सोबत असतील तेव्हा तर मुळीच नाही.

लॅण्डलाइनबद्दल एक कबूल करते. खांब जळाले की तांब्याची तारही गेली. ती अमर नाही, पण जळेपर्यंत वाजते, आणि आम्हाला तेवढंच पुरलं. दुसरं, प्रत्येक घरात ती आता मिळेलच असं नाही. एका मोठ्या फोन कंपनीने राज्यातल्या बऱ्याच भागात ही सेवा देण्याच्या बंधनातून सुटका मागितली होती. २०२४ मध्ये राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने ती मागणी फेटाळली. त्या सुनावणीसाठी आमच्या डोंगरातून पुष्कळ लोकांनी पत्रं लिहिली, मीही लिहिलं. तार नसेलच तर राउटरला आणि मोडेमला बॅटरी बॅकअप लावा, आणि हवामान खात्याचा रेडिओ घ्या, सेलवर चालणारा, इशारा आला की आपोआप वाजणारा. मी अग्निशमन दलातली नाही, तुमच्या रस्त्याचं काय ते स्थानिक फायर स्टेशनवर जाऊन विचारा. ते प्रेमाने सांगतात.

घर बघायला जाल तेव्हा वायफाय बंद करून प्रत्येक खोलीत उभे राहा आणि मोबाइलवर किती कांड्या दिसतात ते बघा. झोपायच्या खोलीत आधी. मग एजंटला विचारा, भिंतीतली फोनची तार चालू आहे का. तो हसेल. तरी विचारा. आणि वरच्या-खालच्या वळणावर कोण राहतं, त्यांच्याकडे कसला फोन आहे, हे पहिल्या महिन्यातच जाऊन विचारून या. मी तो सुतार राहायचा त्या फाट्यावर आता नवीन आलेल्यांकडे जाऊन आले. त्यांचा नंबर आमच्या भिंतीवरच्या फोनशेजारी लिहून ठेवलाय.