हर्नियाच्या ऑपरेशनआधी सर्जनला डाव्या बाजूचं सांग

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. उजव्या जांघेत हर्निया, सर्जन कमजोर जागेला आधार म्हणून आत कृत्रिम जाळी बसवू म्हणतायत, लग्न ठरलंय आणि कुणीतरी मित्र म्हणाला की जाळी टाकली की मूल होत नाही. मित्राचं सोड रे. पण शेवटी तू जाता जाता लिहिलंस ना, की लहानपणी डाव्या बाजूचंही हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, बोलायची गोष्ट खरं तर तीच आहे.

वृषणातून शुक्राणू वर नेणारी नळी आणि वृषणाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या जांघेतल्या ज्या वाटेने जातात, हर्निया त्याच वाटेने खाली उतरतो, त्यामुळे त्याची पिशवी सोडवताना सर्जनचा हात या सगळ्याला लागणारच. मोठ्या माणसात ती नळी बोटांना वायरसारखी कडक लागते, पटकन ओळखू येते, तिला इजा होणं फार क्वचित. रक्तपुरवठा बिघडून वृषण आकसणं हेही क्वचितच, पण एकदा झालेला हर्निया परत आला आणि तिथेच दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं तर धोका वाढतो. लहान पोरात मात्र नळी अगदी बारीक असते, आणि तिला काही झालं तरी घरात कुणाला कळत नाही कारण दुसरी बाजू काम चालवून नेते, एका बाजूवर मूल व्यवस्थित होतं.

आता जाळीचं. जाळीभोवती शरीर घट्ट तंतू तयार करतं, त्यात नळी आवळली गेल्याच्या केसेस आहेत, नाही म्हणत नाही. पण २०१२ साली स्वीडनचा एक अभ्यास आला, त्यात हर्निया ऑपरेशन झालेल्या ३४ हजारांहून जास्त पुरुषांच्या नोंदी होत्या, एकूणात वंध्यत्व वाढलेलं दिसलं नाही. दोन्ही बाजूंची ऑपरेशनं आणि त्यात जाळी, अशांमध्ये किंचित वाढलं, तेही १ टक्क्याच्या आतच. तू याच दुसऱ्या गटाच्या जवळ जातोस म्हणून एवढं लिहितोय, नाहीतर "बिनधास्त कर" म्हणून मोकळा झालो असतो.

जाळीशिवायही होतं. आपल्या पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत आहे, पोटाच्या स्नायूच्या पडद्याचीच पट्टी शिवून जांघेतल्या त्या वाटेची मागची भिंत मजबूत करतात. पण नळी तिथेही हाताळावी लागतेच, आणि माझं मत विचारशील तर सर्जन जी पद्धत रोज करतो तीच त्याच्याकडून करून घ्यावी.

ऑपरेशनआधी वीर्यतपासणी कर, त्याआधी २ ते ७ दिवस वीर्यपात न होऊ देता. आणि एक लक्षात घे, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे डावी नळी उघडी आहे असं नाही, कदाचित सगळं काम उजवीच करत असेल आणि आता ऑपरेशन तिचंच आहे. म्हणून सर्जनला स्पष्ट सांग, डावीकडे आधी झालंय, मला मुलं हवीयत, दोन्ही बाजू हाताने तपासा, वृषणांची सोनोग्राफी करायची का बघा. वीर्य गोठवून ठेवायचं का तेही विचार, तुझ्या केसमध्ये मी ठेवलं असतं. नंतरची तपासणी ३ महिन्यांनी, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. समजा शून्य आलेच, तरी नळी बंद असली म्हणजे वृषणात शुक्राणू बनायचे थांबतात असं नाही, ते सुईने काढून आयसीएसआय, म्हणजे लॅबमध्ये एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं.

फक्त या भीतीने टाळत बसू नकोस. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठ, आतडं अडकलेलं असू शकतं आणि मग असले प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही.

होणाऱ्या बायकोला सांगून टाक. आणि सर्जनकडे जाताना आईला बाहेर बसव, तिच्यासमोर तू यातलं अर्धंही विचारणार नाहीस हे मला माहितीये.

तुझा
काका