कॉलेजच्या पोरांनी मोर्चे काढून नरसंहार थांबतो का?

थांबतो असं नाही म्हणणार, पण काहीच होत नाही हेही खरं नाही. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागाचं बघा. तिथे २००३ पासून सुदान सरकार आणि त्याच्या पाठिंब्यावरच्या टोळ्या गावंच्या गावं जाळत होत्या आणि २००४ मध्ये अमेरिकेत जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीच्या पोरांनी स्टँड नावाची संघटना काढली, मग ती शेकडो कॅम्पसवर पसरली. मला त्यांचं खरं डोकं दिसतं ते पैशाच्या मागे लागण्यात, कारण सुदान सरकारला पैसा तेलातून येत होता आणि त्या तेल कंपन्यांचे शेअर्स यांच्याच युनिव्हर्सिट्यांकडे होते, म्हणून ते विका असा तगादा लावला. हार्वर्डने २००५ मध्ये पेट्रोचायना या चिनी तेल कंपनीचे शेअर्स विकून टाकले, २००६ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीनेही असाच निर्णय घेतला, आणि २००७ च्या शेवटी अमेरिकेत त्यावर कायदाच झाला. (आपली ओएनजीसी विदेशसुद्धा २००३ पासून सुदानच्या तेलात होती, तेव्हा इथल्या कॉलेजांत यावर किती बोललं गेलं?)

एक मात्र फार खटकतं. २०२३ पासून दारफुरमध्ये परत तेच चाललंय, आणि या वेळी कॅम्पसवर तेवढा आवाज नाही. तुमच्या कॉलेजात काही करायचं असेल तर कॉलेजचा पैसा कुठे गुंतलाय हे आधी विचारा.