फरक आढळला नाही, हाही निष्कर्षच

प्रश्न : पीएचडीची तीन वर्षे मी एका गृहीतकाच्या पडताळणीत घालवली आणि शेवटी दोन गटांत काहीही फरक आढळला नाही. मार्गदर्शक म्हणतात, ‘असा निबंध कोणी छापणार नाही, विदा (डेटा) पुन्हा चाळा, एखाद्या उपगटात काहीतरी सापडेलच.’ मी काय करावे?

उत्तर : उपगटांत काहीतरी सापडेल हे आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे खरे आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. जिथे मुळात काहीच फरक नाही, अशा परस्परांशी संबंध नसलेल्या २० तुलना पाच टक्क्यांच्या प्रचलित निकषावर (म्हणजे फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता प्रत्येक तुलनेत पाच टक्के) केल्या, तर निव्वळ योगायोगाने त्यांतली एक तरी ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तेवढी एकच तुलना निबंधात ठेवून उरलेल्या १९ गाळल्या, तर वाचकाला तो शोध वाटेल आणि पुढे कोणीतरी त्याच्या भरवशावर आणखी तीन वर्षे खर्च करील.

हे नुकसान किती खोलवर जाते, याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. अमेरिकी औषध नियामकाकडे नोंद झालेल्या, नैराश्यावरील १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचा मागोवा २००८ साली प्रसिद्ध झाला. नियामकाच्या मते त्यांपैकी ३८ चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते आणि त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा संदिग्ध चाचण्यांपैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने मांडल्या गेल्या आणि जेमतेम ३ जशा होत्या तशा वाचकांसमोर आल्या. म्हणजे प्रत्यक्षात निम्म्याच चाचण्या औषधाच्या बाजूने असताना, शोधपत्रिका वाचून उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरला मात्र ९४ टक्के चाचण्या औषधाच्या बाजूने दिसत होत्या. यासाठी कोणी आकडे खोटे लिहिण्याची गरजही नव्हती. ‘असा निबंध कोण छापणार’ हा विचार पुष्कळ ठिकाणी एकाच वेळी झाला, तरी एवढे घडू शकते.

आता आपल्यापुरते सांगतो. फरक न आढळण्याला अर्थ केव्हा येतो, तर नमुना पुरेसा मोठा असतो तेव्हा. म्हणून मार्गदर्शकांसमोर बसताना केवळ ‘फरक नाही’ असे न सांगता, ‘फरक असलाच तर तो अमुक मर्यादेपेक्षा मोठा नाही, हे आपल्या विदेवरून म्हणता येते’ असे विश्वासांतरासह (खरा फरक ज्या दोन मर्यादांमध्ये असू शकतो तो पल्ला, ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’) मांडा. या वाक्याला शास्त्रीय वजन आहे आणि त्यावर चर्चा होऊ शकते. नमुनाच लहान असेल, तर तसे निबंधात मोकळेपणाने लिहा. उपगट तपासायला हरकत नाही, परंतु तपासले तेवढे सगळे सांगा आणि ती तपासणी विदा हाती आल्यानंतर केली, हेही नमूद करा. निष्कर्ष कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता पद्धत निर्दोष आहे का, एवढेच पाहून निबंध स्वीकारणाऱ्या शोधपत्रिका आज आहेत. ‘प्लॉस वन’ २००६पासून या तत्त्वावर चालते. पुढच्या कामासाठी नोंदणीकृत निबंधाचा मार्ग अवश्य पाहा. ‘कॉर्टेक्स’ या शोधपत्रिकेने २०१३मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत प्रश्न आणि कार्यपद्धती यांची समीक्षा विदा गोळा करण्यापूर्वीच होते, आणि ठरल्याप्रमाणे काम केले तर उत्तर काहीही आले तरी ते छापले जाते. संशोधन-प्रकाशनातली गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे, असे माझे मत आहे, कारण तिच्यामुळे विद्यार्थ्यावरचा विदा पिळण्याचा दबावच नाहीसा होतो.

प्रश्न : मी निवड समितीवर काम करतो. एका पदासाठी ऐंशी अर्ज येतात. इम्पॅक्ट फॅक्टर आणि निबंधांची संख्या पाहायची नाही, तर निवड करायची कशी?

उत्तर : निबंध वाचून. हे उत्तर भाबडे वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे शोधपत्रिकेच्या मागील दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षी मिळालेल्या उद्धरणांची (इतर निबंधांनी घेतलेल्या संदर्भांची) सरासरी. थोड्या लेखांना भरमसाट आणि बहुतेकांना मोजकीच उद्धरणे मिळत असल्याने या सरासरीवरून एकट्या लेखाबद्दल काहीच ठरवता येत नाही, मग लेखकाबद्दल तर दूरच. व्यक्तीच्या मूल्यमापनात हा आकडा वापरू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ सालीच म्हटले. त्यावर सह्या भरपूर झाल्या. अर्जांचे नमुने मात्र अनेक ठिकाणी जुनेच राहिले.

अशाच एका समितीवर असताना, मोठ्या शोधपत्रिकेतला एका उमेदवाराचा निबंध मी हातात घेतला. पहिल्याच तक्त्यात २५ जणांनी एक ते सातपैकी पूर्णांकात दिलेल्या गुणांची सरासरी ३.४७ छापली होती. पंचवीस पूर्णांकांची बेरीज ८६ असेल तर सरासरी ३.४४ येते आणि ८७ असेल तर ३.४८, ३.४७ येऊच शकत नाही. ती छपाईची चूक असेल, कोणाचे उत्तर गहाळ झाले असेल किंवा त्याहून गंभीर काही असेल, पण विचारायला हवे होते आणि मुलाखतीत आम्ही विचारले. उमेदवारांच्या गुणांकनाच्या आमच्या तक्त्यात मात्र त्याच निबंधाला सर्वाधिक गुण पडले होते.

ऐंशी जणांचे सगळे निबंध वाचणे अशक्य आहे, हे मान्य. म्हणून प्रत्येक उमेदवाराकडून स्वतःच्या निवडीची तीनच कामे मागवा आणि प्रत्येकासोबत अर्धे पान टिपण घ्या : प्रश्न काय होता, त्यात स्वतः काय केले, आज ते काम पुन्हा केले तर काय बदलाल. टिपणांवरून दहा-बारा नावे निवडा आणि त्यांचे निबंध समितीत वाटून खरोखर वाचा. खुली विदा, इतरांच्या कामाची पुनर्तपासणी आणि मनापासून केलेली समीक्षा यांनाही अर्जात जागा द्या. आज या कामांत घालवलेला वेळ उमेदवाराला बढतीच्या वेळी महागात पडतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

प्रश्न : ‘सात दिवसांत प्रसिद्धी’ अशी हमी देणाऱ्या एका शोधपत्रिकेचे निमंत्रण आले आहे. शुल्क भरावे का?

उत्तर : भरू नका. शुल्क घेणे हा स्वतःहून फसवणुकीचा पुरावा नव्हे, कारण वाचकांसाठी खुल्या असलेल्या अनेक चांगल्या शोधपत्रिकाही ते घेतात; परंतु योग्य समीक्षक शोधणे, त्यांनी वाचणे आणि आपण दुरुस्त्या करणे एवढे सगळे सात दिवसांत उरकण्याची हमी प्रामाणिक संपादक देऊ शकत नाही. मोठे नाव पाहूनही निर्धास्त राहू नका. २०२३मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, त्यांतले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेचे होते. म्हणून त्या पत्रिकेतले तीन लेख वाचा. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ऐवजी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ असे विचित्र शब्द दिसले, तर कोणीतरी दुसऱ्याचा मजकूर यंत्राने फिरवून खपवला आहे आणि तो एकाही समीक्षकाने वाचलेला नाही, असे खुशाल समजा. संपादक मंडळावरील एखाद्या व्यक्तीला थेट लिहून, आपले नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे का, तेही विचारा. निबंध आधीच पाठवला असेल, तर तो मागे घेत असल्याचे आजच लेखी कळवा, आणि तशी लेखी पोच मिळेपर्यंत तोच निबंध दुसरीकडे पाठवू नका.