वरच्या आकड्यावर थांबू नकोस

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. अपघात विभागात रुजू झाल्याचे कळले. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एकाच गोष्टीविषयी लिहितो: बीपी मोजलास की वरच्या आणि खालच्या दाबातला फरक, म्हणजे पल्स प्रेशर, केसपेपरवर वेगळा लिहीत जा.

रक्त किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, कमी होऊ लागला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे खालचा दाब चढतो. वरचा मात्र, हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकत असल्याने, चढत नाही. 120/80 चे 110/90 होते, 40 चा फरक 20 वर येतो, आणि फक्त 110 वाचणारा निश्चिंत मनाने पुढच्या खाटेकडे वळतो. प्रौढ माणसाचा वरचा दाब बहुधा 30 टक्क्यांच्या आसपास रक्त गेल्यावरच घसरतो. तोवर फार उशीर झालेला असतो.

डेंग्यूत हे सर्वांत फसवे. ताप उतरला म्हणून आईवडील सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हाच प्लाझ्मा रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असतो. मूल शुद्धीवर असते, नाव विचारल्यास सांगते, आणि बीपी असते 100/84. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार डेंग्यूत हा फरक 20 किंवा त्याहून कमी झाला, तर तो शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची अवस्था, मानावा. हातपाय थंड आहेत का, पोट दुखते का, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण, वाढते आहे का, हे लगेच पाहा; वरच्या दाबाच्या घसरणीची वाट न पाहता वजनाच्या हिशेबाने सलाईन सुरू कर आणि वरिष्ठांना उठव. त्यांची झोपमोड झाली तरी चालेल.

मोजणी मात्र नीट हवी. चालत्या रुग्णवाहिकेत नाडी चाचपून घेतलेल्या बीपीत खालचा आकडा मिळतच नाही, आणि क्षीण नाडीवर यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो. तेव्हा मुलाच्या दंडाला बसेल असा बीपीचा पट्टा (कफ) घेऊन स्टेथोस्कोपने स्वतः मोज. वृद्धांच्या ताठर धमन्यांत एरवीच 60 चा फरक असू शकतो, म्हणून त्यांचा 40 पाहून समाधान मानू नकोस. छातीला मार लागलेल्याचा फरक अरुंद असेल, तर हृदयाभोवती रक्त किंवा छातीत कोंडलेली हवा आधी शोध, कारण तिथे नुसत्या सलाईनने भागत नाही. उलट, डोक्याला मार लागलेल्याचा फरक रुंदावत असेल आणि नाडी मंदावत असेल, तर कवटीतला दाब वाढत असल्याचे समज.

एकच नोंद पुरेशी नसते. दर 15 मिनिटांनी मोज आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना सांगून तक्त्यात फरकाचा एक रकाना आखून घे.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी