माय रडते, म्हणजे तिथं मारत तं नसतीन?

"झोप येत नाही जी," एवढंच सांगायला ती आली होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, एप्रिलचा तिसरा आठवडा, बाहेर जीव घेणारं ऊन. मी इथे आठवड्यातून दोन दिवस बसते. झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारते, जागं असताना डोळ्यांपुढे कोण येतं? ती म्हणाली, "माय." आणि पदर तोंडाला लावला.

(लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माय 78 वर्षांची. डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि भान हरवत जाण्याचा आजार. गावात म्हणतात, बुढीले भ्रम झाला. भाऊ चाकणला कंपनीत, एका खोलीत चार माणसं. म्हणून ही लेकच दोन वर्षं मायला सासरी घेऊन राहिली. मग एका रात्री माय उठून शेताकडे चालत गेली आणि पहाटे विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. त्यानंतर 40 किलोमीटरवरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. त्याला सात महिने झाले होते.

"भेटाले गेली का माय रडते. मले घरी ने म्हणते, हात सोडत नाही. म्याडम, तिथं मारत तं नसतीन ना जी?"

हा प्रश्न मला वर्षातून कितीदा तरी येतो. आईऐवजी सासरे असतात, मोठेबाबा असतात, एवढाच फरक. "नाही हो, असं काही नसेल" हे उत्तर तिला नणंदेने दिलं होतं, सरपंचबाईंनीही दिलं होतं. त्यातलं कोणीच तिथे जाऊन आलेलं नव्हतं. मी तरी कुठे गेले होते?

मी विचारलं, तुम्ही तिथे काय काय पाहिलंत? तिने सांगितलं: नवी फरशी, देवघर, तुकडोजी महाराजांचा मोठा फोटो, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. मायचं नेसणं स्वच्छ, वेणी घातलेली. मायच्या अंगाबद्दल, खाण्याबद्दल एक शब्द नाही. ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायची, आदल्या दिवशी फोन करून. खाली मान घालून तासभर बसायची आणि रडत एसटीत चढायची. आपणच गुन्हा केलाय असं ज्याला वाटतं, तो माणूस तपासणीला फार वाईट. तो डोळे मिटून घेतो, नाहीतर भांडायला कारण शोधतो. मधलं काही त्याला जमत नाही.

त्यात गावातल्या कोणीतरी घाबरवलं होतं, मायबापाला आश्रमात टाकलं तर जेल होते. आईवडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळासाठीच्या 2007 च्या कायद्यात शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ती ज्येष्ठाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी टाकून जाणाऱ्याला. ही बाई दर महिन्याला पैसे भरत होती, भेटायला जात होती. हे ऐकल्यावर पहिल्यांदा तिने पाणी प्यायलं.

मग मुद्द्यावर आलो. निघतानाच्या रडण्यावरून काही ठरवू नका, म्हटलं. या आजारात माणूस ज्या घरी न्या म्हणतो, ते घर कधी कधी लहानपणचं असतं. तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासाने काय होतं, ते विचारा. आणि व्यवस्थापकाला नको, जी बाई तिला आंघोळ घालते तिला विचारा.

फोन न करता जा. मधल्या वारी जा, जेवणाच्या वेळेला. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तर एका भाड्यात दोन चकरा होतात. एकदा दिवस कलताना जा, कारण या आजारात अस्वस्थता त्याच वेळी वाढते आणि कामावरची माणसं थकलेली असतात. पाण्याचा तांब्या मायच्या हाताला येतो का, पाहा. म्हातारपणी तहान कमी कळते. आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडलं की माणूस एकाएकी जास्त बरळायला लागतो आणि घरचे म्हणतात आजार वाढला. दुपारी बारा वाजताही माय गुंगीत असेल, तर रात्री कोणती गोळी देतात ते कागदावर मागा. रात्री उठून फिरणाऱ्याचं तुम्ही काय करता, हे सरळ विचारा. "बांधून ठेवतो" हे उत्तर काही जण इतकं सहज देतात, की ऐकणाऱ्यालाच आपण चुकीचं विचारलं असं वाटतं. आणि एक दिवस मायला तुम्हीच न्हाऊ घाला. लेकीला कोण अडवणार? पाठ, कंबर, टाचा, केसांच्या मागचा गुंता, नखं, सगळं दिसतं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमची माय तुमच्यासाठी तयार केलेली असते. ज्या म्हातारीला भेटायला कोणीच येत नाही, तिच्या खाटेकडे पाहून या.

ती मंगळवारी गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता.

माय व्हरांड्यात बसून वाती वळत होती. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बायांच्या हाती कापूस दिला की त्या शांत बसतात, हे तिथल्या एका मावशीने आपल्या अकलेने शोधलं होतं. लेक गेल्यावर दहा मिनिटांत रडणं थांबतं आणि वाती सुरू होतात, असं तिनेच सांगितलं. अंगावर वळ नाही, जखम नाही. बिनभेटीच्या म्हातारीची चादरही कोरडी होती.

पण न्हाऊ घालून पोलकं घालताना बाही दोन बोटं ढिली लागली. त्या पोलक्याची शिलाई हिनेच मारलेली. जेवताना पाहिलं तर माय भाकरीचा पापुद्रा चोखून ताटाच्या कडेला ठेवत होती. कवळी? कवळी कधी हरवली, कोणालाच माहीत नव्हतं. वजन करायला लावलं, 41 किलो. दाखल करतानाच्या दवाखान्याच्या कागदावर 46 होतं. आणि चारनंतर पाणी बेतानेच देत, रात्री खाट भिजू नये म्हणून. रात्री 26 माणसांना एकच माणूस होता.

म्हणजे मारत नव्हते. जीवही लावत होते, निदान त्या मावशी तरी. पण माय उपाशी राहत होती आणि त्याबद्दल ती कधी रडली नव्हती. मी हे लिहायला घेतलं ते या एका गोष्टीसाठी.

"आता बोलली तं मागून मायवर राग काढतीन." ही भीती खोटी नाही, मी ती उडवून लावत नाही. म्हणून आम्ही कागदावर तीनच ओळी लिहिल्या. कवळी नवी होईपर्यंत भाकर वरणात कुस्करून द्यावी. संध्याकाळीही पाणी द्यावं आणि झोपण्याआधी मोरीवर न्यावं. दर महिन्याला वजन लिहावं. खाली तारीख. आधी मावशीचं कौतुक व्यवस्थापकासमोर करायचं, मग कागद द्यायचा. मारहाणीचा, बांधण्याचा संशय असता तर मी कागद लिहीत बसले नसते. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते, आणि जिवावरचं असेल तर 112. एवढं वजन उतरलंय म्हटल्यावर डॉक्टरांना दाखवणंही होतंच. सगळं कवळीवर ढकलून चालत नाही. त्यांनी रक्त, लघवी तपासली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला.

तक्रार दिल्यावर समोरचा काय करतो, यावरून मला त्या जागेबद्दल सगळ्यात जास्त कळतं. इथले व्यवस्थापक आधी चिडले. "इतके पैसे कोण देते?" म्हणाले. पंधरा दिवसांनी ती पुन्हा न सांगता गेली, तर खाटेशी तांब्या होता आणि भाकर कुस्करलेली होती. रात्रीचा माणूस मात्र अजून एकच आहे. त्यावर बाकीच्या घरच्यांना गोळा करायचं ती म्हणते, पण बाकीचे फोन उचलत नाहीत.

जुलैत वजन 43 झालं. भाऊ कवळीचे अर्धे पैसे पाठवतो म्हणाला होता, त्याची वाट पाहणं चालू आहे. ती आता बऱ्यापैकी झोपते. मागच्या आठवड्यात ती नवा प्रश्न घेऊन आली, "पोळ्याले दोन दिवस घरी आणू का मायले?" बैल दिसले, पुरणपोळी झाली, की माय खूश होईल हे तिला दिसतंय. रात्री विहिरीकडचं दार उघडं राहिलं तर, हे मला दिसतंय. कडी वर लावायची, नवऱ्याने दाराशी खाट टाकायची, इथपर्यंत आम्ही आलोय. परत सोडायला कोण जाणार, ते अजून ठरायचं आहे.